दुसरी नळी

आमच्या प्रयोगशाळेत माणसाचं रक्त एकट्या नळीतून येत नाही. प्रत्येकाच्या दोन नळ्या येतात. पहिली तपासायची. दुसरी सीलबंद, उणे सत्तर अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवायची आणि पहिलीबद्दल शंका आली तरच उघडायची. हा नियम माझा नाही, आमच्या धंद्यात तो सगळीकडे आहे. पण आमच्या नियमपुस्तिकेत तो मराठीत मी लिहिला आणि मीच मोडला. पुढचा मजकूर त्याबद्दल आहे.

नावं बदलली आहेत. ज्या बाईंबद्दल मुख्यतः लिहिलं आहे, त्यांची परवानगी घेतली आहे. ती त्यांनी एका अटीवर दिली. अट पाळली आहे.

एकतीस वर्षं मी एकच काम केलं. एखादा पदार्थ माणसाच्या रक्तात किती आहे, हे मोजायची रीत शोधून काढायची. संशोधन करणाऱ्या डॉक्टरांना प्रश्न पडतो की अमुक गोळी घेतल्यावर चार तासांनी रक्तात किती उरते, तमुक धातू कामगाराच्या अंगात किती साठतो. मोजणारं यंत्र बाजारात मिळतं, पण यंत्र म्हणजे नुसती शेगडी, तिच्यावर स्वयंपाक करता आला पाहिजे. रक्तात मीठ असतं, प्रथिनं असतात, लोह असतं. त्या गर्दीतून हवा तेवढाच पदार्थ वेगळा काढायचा आणि दहा वेळा मोजला तर दहाही वेळा तोच आकडा यायला हवा. याला आम्ही ‘पद्धत बसवणं’ म्हणतो. एक पद्धत बसायला कधी तीन महिने लागतात, कधी वर्ष. बसली की तिच्याकडे कुणी पाहत नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. नळाला पाणी आलं की पाइप कोण बघतो?

सुरुवातीची वर्षं पिंपरीत गेली, मधली भोसरीत, शेवटची अकरा चाकणच्या एमआयडीसीत. आमच्या एका अंगाला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना होता आणि दुसऱ्या अंगाला गाड्यांचे पत्रे दाबणारं प्रेस शॉप. त्यांच्या प्रेसचा दणका सुरू झाला की आमच्या तराजूचा शेवटचा आकडा थरथरायचा. म्हणून अगदी बारीक वजनं आम्ही त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत करायचो. तिकडे डबे उघडले की इकडे तराजू उघडायचा.

या धंद्यात तऱ्हेवाईक गिऱ्हाईकं येतात. भोसरीत असताना एक गृहस्थ भस्माची डबी घेऊन आले. “यात सोनं आहे की नाही, एवढंच सांगा,” म्हणाले. आम्ही तपासलं. सोनं नव्हतं, शिसं होतं, आणि भरपूर होतं. मी त्यांना बसवून नीट समजावलं, पोटात घेऊ नका म्हणालो. त्यांनी डबी खिशात टाकली आणि उठताना म्हणाले, “तुमच्या मशीनला सोनं ओळखता येत नाही, त्याला मी काय करू?” पुढे काय झालं ते मला कळलं नाही. आमच्याकडे माणसं नळीतून येतात, त्यामुळे पुढचं सहसा कळत नाही.

माझ्या हातून घडलेली पहिली मोठी चूक उलट्या दिशेची होती. ती सांगितल्याशिवाय दुसरी समजणार नाही. पिंपरीत नोकरीचं तिसरं वर्ष होतं. डायलिसिसवर असलेल्या रुग्णांच्या रक्तातलं ॲल्युमिनिअम मोजायचं काम होतं. एका सकाळी सगळ्याच नळ्यांचे आकडे भयंकर आले. मी कुणाला न विचारता रुग्णालयाला फोन केला. त्यांनी डायलिसिस विभाग चार दिवस बंद ठेवला आणि रुग्णांना पुण्याला हलवलं. पाचव्या दिवशी कळलं की नळ्यांच्या रबरी बुचांचा पुरवठादार बदलला होता आणि ॲल्युमिनिअम त्या बुचांत होतं. रुग्णांचं रक्त ठीक होतं. माझे वरिष्ठ ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “धक्का बसावा असा आकडा दिसला की आधी आपले हात बघायचे.”

हे वाक्य मी पुढे प्रत्येक नव्या मुलाला ऐकवलं. आकडा मोठा असेल तर घाण आपली आहे असं धरून चालायचं. हातमोज्यांवरची पावडर, केसांचा रंग, भिंतीचा पोपडा, रस्त्यावरची धूळ, सगळ्यांवर संशय घ्यायचा. शेवटी रुग्णावर. पंचवीस वर्षांत हा क्रम एकदाही चुकला नाही. त्यामुळे तो नियमासारखा वाटू लागला होता.

चाकणच्या प्रयोगशाळेत सुनंदाबाई नमुन्यांच्या खोलीत कामाला होत्या. खेड्यातल्या शेतकरी घरातल्या. जमीन कंपन्यांत गेल्यावर घरातले सगळेच कुठे ना कुठे कामाला लागले होते. बाई कंत्राटदारामार्फत होत्या, म्हणजे त्यांना कामावरून काढायला एका फोनचं काम. शिक्षण नववी. पण फ्रीजरमधल्या हजारभर नळ्यांपैकी कुठली कुठल्या कप्प्यात आहे हे त्यांना संगणकाच्या आधी आठवायचं. नळीवर नाव नसतं, फक्त सांकेतिक क्रमांक असतो, तरी त्या प्रत्येक नळीला माणसासारखं वागवत. घाईत कुणी रॅक आपटला तर म्हणत, “हळू. कुणाचं तरी हाय ते.”

त्या वर्षी आमच्याकडे एक संशोधन आलं. चाकणच्या आसपासच्या गावांतल्या गरोदर बायकांच्या रक्तात शिसं किती आहे, हे बघायचं होतं. शिसं आईच्या रक्तातून पोटातल्या बाळाकडे जातं आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीला अडवतं. आईला कित्येकदा काहीच जाणवत नाही. संशोधन डॉ. मृणाल यांचं होतं. त्या एका प्रसूतिगृहात काम करत, गावोगाव शिबिरं घेत, रक्त काढून क्रमांक टाकून आमच्याकडे पाठवत. कुठल्या क्रमांकाची बाई कोण, हे फक्त त्यांना ठाऊक. मला थोड्याशा रक्तात अगदी कमी शिसं मोजणारी पद्धत बसवायची होती. त्यासाठी नवं यंत्र आलं. त्यात रक्ताचा फवारा अतिशय तापलेल्या वायूत सोडतात आणि धातूंचे अणू वजनानुसार वेगळे मोजतात. दोन महिने पद्धत बसत नव्हती. कधी आकडा वर, कधी खाली. घटस्थापनेच्या आठवड्यात ती बसली.

आमच्या पट्ट्यात खंडेनवमीला यंत्रं बंद असतात. प्रेस शॉपपासून गल्लीतल्या वेल्डिंगच्या गाळ्यापर्यंत सगळीकडे यंत्र पुसून, हार घालून, हळदकुंकू वाहून पूजा होते. आमच्याकडेही व्हायची, पण धातू मोजायच्या खोलीला माझा वेगळा नियम होता. झेंडूचा हार दाराबाहेर. हळद, कुंकू, उदबत्ती यातलं काही आत न्यायचं नाही. सगळे पाळायचे.

दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही यंत्र सुरू केलं. आधी कोरा नमुना तपासतात, म्हणजे ज्यात रक्त नाही, काहीच नाही, असं शुद्ध द्रावण. त्याचा आकडा शून्याजवळ यायला हवा. यंत्रावर निखिल होता. नांदेडचा मुलगा, हात स्थिर आणि जीभ तिखट.

“सर, कोऱ्यातच शिसं दिसायलंय,” तो म्हणाला.

“किती?”

“कोरा म्हणायची लाज वाटावी एवढं.”

त्या दिवशीच्या ट्रेमधल्या वीसही नळ्यांचे आकडे चढे आले. त्यातली एक तर आमच्या मोजपट्टीच्या शेवटच्या खुणेच्याही वर गेली. निखिल उठला, यंत्राभोवती फिरला आणि मागच्या बाजूला वाकून थांबला.

“सर, इकडं या. मशीनचं लग्न लागलंय.”

यंत्राच्या मागच्या पत्र्यावर बोटभर रुंदीचं स्वस्तिक होतं, शेंदरी रंगाचं, तेलात कालवून काढलेलं. नमुन्यांच्या ट्रेच्या कडेलाही एक ठिपका होता. यंत्राचा पंखा त्या बाजूनेच हवा ओढतो.

मी सुनंदाबाईंना बोलावलं. त्यांनी नाकारलं नाही.

“व्हय सर, मीच काढलं. नवं मशीन हाय. पहिली खंडेनवमी. दोन महिनं तुमी सगळी तोंड पाडून बसला व्हता, अन् नवरात्रात चालू झालं ते. तसंच कसं ठिवायचं?”

“बाई, दारावर नियम लिहिलाय.”

“कुंकू न्यायचं न्हाई असं लिवलंय. कुंकू न्हाई नेलं मी. शेंदूर हाय. घरचाच हाय, चांगला.”

निखिलला हसू आलं, मला आलं नाही. जुन्या पद्धतीचा शेंदूर म्हणजे शिशाचंच संयुग. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला हे शिकवतात.

आम्ही दोन दिवस खोली धुतली. यंत्राचा प्रत्येक सुटा भाग आम्लात बुडवला. कोरा नमुना पुन्हा शून्यावर आला. मग त्याच वीस नळ्या परत तपासल्या. एकोणीस नळ्यांचे आकडे खाली आले, इतर गावांतल्या बायकांइतके. विसावी होती तिथेच राहिली.

आधी आपले हात बघायचे. त्या नळीचं बूच उघडं असताना शेंदराचा एखादा कण आत पडला असणार, हा माझा अंदाज होता. तो सिद्ध करायची सोय होती. शिशाचे सगळे अणू एकाच वजनाचे नसतात, आणि त्या वजनांचं आपसातलं प्रमाण खाणीनुसार बदलतं. म्हणजे शिशाला बोटाच्या ठशासारखी खूण असते. मी स्वस्तिकाचा खरवडलेला शेंदूर तपासला, मग विसाव्या नळीतलं शिसं. दोन्ही ठसे जुळले, शेवटच्या आकड्यापर्यंत. मी निखिलला म्हणालो, “बघ, चोर सापडला.” त्या क्षणी मला झालेला आनंद अजून आठवतो.

एक काम उरलं होतं. विसाव्या क्रमांकाची दुसरी नळी फ्रीजरमध्ये सीलबंद होती. तिला शेंदराचा वाराही लागला नव्हता. ती उघडली असती तर अर्ध्या तासात सगळं मिटलं असतं. सुनंदाबाई फ्रीजरपाशी उभ्या होत्या, हातात जाड मोजा चढवलेला. स्वतःच्या चुकीने झालेलं काम निस्तरायला त्या दोन दिवस आमच्या बरोबरीने राबल्या होत्या.

“सर, दुसरी नळी काढू का?” त्यांनी विचारलं.

दुसरी नळी उघडायची तर अहवाल लिहावा लागतो. पहिलीत काय बिघडलं, कुणामुळे बिघडलं, कुठला नियम मोडला. पुढच्या आठवड्यात संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्थेचे तपासनीस यायचे होते. कंत्राटदाराला एक फोन गेला की बाईंची नोकरी संपणार होती. त्यांचा मुलगा तेव्हा रोजंदारीवर होता, घरात त्यांचाच पगार पक्का. मी दोन-तीन सेकंद विचार केला असेल.

“राहू द्या,” मी म्हणालो.

मग मी नोंदवहीत त्या क्रमांकापुढे लिहिलं: नमुना अपुरा, पुन्हा घ्यावा. शेंदराचा उल्लेख केला नाही, मोठ्या आकड्याचाही नाही. अपुरा नमुना ही रोजची बाब आहे. रक्त कमी भरतं, नळी गळते. डॉक्टर अशा वेळी घाई करत नाहीत. बाई पुढच्या तपासणीला येईल तेव्हा रक्त घेतात.

एम.एस्सी. करताना मी दीड वर्ष एका दैनिकात दुपारी मुद्रितं तपासायचो. तिथे पहिल्या दिवशी सांगितलेला नियम होता की दुसऱ्या ठिकाणाहून खात्री झाल्याशिवाय बातमी जायची नाही. मी समजत होतो की हा नियम फक्त छापण्यासाठी आहे. न छापण्यासाठीही तो तितकाच लागू आहे, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

तपासनीस आले आणि समाधानाने गेले. दिवाळी झाली. नोव्हेंबरच्या शेवटी सुनंदाबाईंनी सगळ्यांना पेढे दिले. सून अश्विनीला सातवा लागला होता.

“डोहाळजेवन करायचंय, येत्या रविवारी. सर, तुमी अन् म्याडम यायचं. निखिलभाऊ, तुमी बी.”

“मी काय करू बाई डोहाळजेवणात?” निखिल म्हणाला.

“जेवा. दुसरं काय येतं तुमाला?”

बाई त्या दिवसांत खूश असायच्या. सून आधी चाकणच्याच एका कंपनीत लाइनवर होती, आठ तास उभ्याने काम. दिवस राहिल्यावर यांनी तिला काम सोडायला लावलं. “घरी बसून करता येईल असं बघितलं तिला. उभं ऱ्हायचं न्हाई, वजन उचलायचं न्हाई,” त्या सांगत. काय काम, ते मी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात, बुधवारी, डॉ. मृणाल यांचा फोन आला.

“सर, त्या ‘अपुऱ्या’ नमुन्याबद्दल बोलायचंय. ती बाई चार दिवसांपूर्वी आली. पोटात कळा येतात, पण बाळंतपणाच्या नाहीत. लोहाच्या गोळ्या देऊनही रक्त चढत नाही. मी तोंड उघडायला लावलं. हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ आहे.”

ही रेघ मी फक्त पुस्तकात पाहिली होती. शिसं अंगात मुरलं की दिसते.

“मी थांबले नाही,” त्या म्हणाल्या. “रक्त मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवलं होतं, रिपोर्ट आत्ता आला. फार जास्त आहे.”

मी म्हणालो, “डॉक्टर, एकदा खात्री करून घ्या. नमुन्यात बाहेरून शिसं पडलं असेल. आमच्याकडे त्या क्रमांकाला तेच झालं होतं.”

मग त्यांनी सावकाश विचारलं, “तेच झालं होतं म्हणजे? तुम्ही तर अपुरा लिहिलं होतं.”

जे रक्त माझ्या खोलीत आलंच नव्हतं, त्यात माझ्या खोलीतला शेंदूर पडू शकत नव्हता.

फोन ठेवून मी फ्रीजरपाशी गेलो. सुनंदाबाई डोहाळजेवणाच्या तयारीसाठी त्या दिवसापासून रजेवर होत्या. दुसरी नळी मी स्वतः काढली. सील शाबूत होतं. निखिलने ती यंत्रावर लावली. आकडा पहिल्या नळीइतकाच आला. मग ठसा पाहिला. तोही तोच, स्वस्तिकाचा.

“सर, म्हणजे शेंदूर नळीत पडलाच नव्हता,” निखिल म्हणाला. “रक्तातच होता.”

दोन महिन्यांपूर्वी मी जे मोजलं होतं ते अचूक होतं. शिसं शेंदरातलं आहे, हेही बरोबर होतं. चुकला होता फक्त त्याचा पत्ता.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी त्या बाईच्या घरी जायचं ठरवलं. शिसं येतं कुठून, हे शोधल्याशिवाय उपचाराला अर्थ नव्हता. जमिनीवरची, भांड्यांवरची धूळ टिपून घ्यायला जाणकार माणूस हवा म्हणून त्यांनी मला सोबत घेतलं. सहसा आम्ही रुग्णाच्या दारात जात नाही. मी जाणं टाळू शकत नव्हतो. धूळ टिपायच्या ओल्या चकत्या आणि डब्या घेऊन निघालो. मोशीपासून पुढे ट्रकांच्या रांगेत पाऊण तास गेला. डॉक्टर फार बोलल्या नाहीत. मी त्यांना सगळं सांगितलं होतं.

गावात शिरल्यावर वळणावर कांद्याची चाळ, मग सिमेंटचा नवा रस्ता, मग पत्र्याच्या पडवीचं घर. डॉक्टरांनी कडी वाजवली. दार सुनंदाबाईंनी उघडलं.

आधी त्यांनी माझ्याकडेच पाहिलं. चेहरा उजळला.

“सर? तुमी हितं? आवो, डोहाळजेवन रविवारी हाय. आज गुरुवार.” मग आत वळून हाक मारली, “अश्विनी, पानी आन गं. आमचं सायब आल्यात.”

मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं. त्यांना फक्त सुनेचं नाव ठाऊक होतं, सासू कुठे काम करते हे नव्हतं. सुनंदाबाईंना ठाऊक होतं की सुनेचं रक्त शिबिरात काढलंय. ते त्यांच्याच फ्रीजरमध्ये, त्यांच्याच हाताने ठेवलंय, हे त्यांना कोण सांगणार? नळीवर नाव नसतं.

पडवीत एक मोठी परात भरून शेंदूर होता. बाजूला दोन पोती, प्लास्टिकच्या बोटभर पिशव्यांचा ढीग, एक चमचा आणि पेटलेली मेणबत्ती. देवळांबाहेर विकायच्या पुड्या. चमच्याने भरायचं, तोंड मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून चिकटवायचं. व्यापारी पोती आणून टाकतो, पुड्या घेऊन जातो. बसून करायचं काम. अश्विनी पाण्याचा तांब्या घेऊन आली तेव्हा तिच्या नखांच्या कडा शेंदरी होत्या. पुड्या भरता भरता ती भाजलेले शेंगदाणे खायची, तिची वाटी परातीशेजारीच होती.

शेंदूर घरचाच हाय, चांगला. हे वाक्य बाई माझ्यासमोर बोलल्या होत्या. मी तो शेंदूर खरवडला, आम्लात विरघळवला, त्याची खाण ओळखता येईल इतका बारकाईने मोजला. यंत्राला त्याने काय केलं हे विचारलं. तो ‘घरचा’ कसा, हे विचारलं नाही.

डॉक्टरांनी खाटेवर बसून दोघींना समजावलं. आवाज न चढवता, काहीही न लपवता. हा रंग शिशाचा आहे, तोंडातून आणि श्वासातून अंगात गेलाय, बाळाकडेही गेलाय. आजपासून बंद. आजच माहेरी जा, इथली धूळ निघेपर्यंत परत येऊ नका. अश्विनीने दोन्ही हात पोटावर ठेवले आणि मग एकदम काढून पदराला पुसायला लागली. पुसतच राहिली.

सुनंदाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. “मीच बसवलं तिला,” त्या म्हणाल्या. “उभं ऱ्हावं लागतं म्हनून मीच बसवलं.”

मग त्या माझ्याकडे वळल्या. त्या किती हुशार आहेत हे मला माहीत होतं, तरी प्रश्न इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं.

“सर, दसऱ्याला एक नळी लई वर गेल्ती. ती हिची व्हती का?”

“हो,” मी म्हणालो.

“अन् मी इचारलं, दुसरी काढू का.”

“हो.”

“तुमी न्हाई म्हनला.”

“तुमची नोकरी जाईल म्हणून,” मी म्हणालो. हे खरं होतं. बोलल्यावर ते कसं ऐकू आलं, ते सांगता येणार नाही.

त्या परात उचलून परसात न्यायला निघाल्या. मी त्यांना थांबवलं, पदर ओला करून तोंडाला बांधायला सांगितला. मग मी खाली बसून चकत्यांनी धूळ टिपली. जमीन, उंबरा, वाटी, पाळण्यासाठी आणून ठेवलेली लाकडी दांडी. एकूण बारा डब्या भरल्या. बाराही डब्यांत तोच ठसा निघाला.

पुढचं थोडक्यात. अश्विनी माहेरी गेली, डॉक्टरांनी उपचार केले. मी अहवाल लिहिला, दोन महिने उशिराचा. त्यात खोटी नोंद माझी, निर्णय माझा, असं लिहिलं. आमचं काम काही आठवडे थांबवलं गेलं, मला त्या संशोधनातून काढलं. त्या चार पानांत स्वस्तिक एका कंत्राटी बाईने काढलं, एवढाच उल्लेख होता. वाचणाऱ्यांपैकी कुणीही त्या बाईचं नाव विचारलं नाही. ज्या फोनला मी भ्यालो होतो, तो कुणी केलाच नाही.

व्यापाऱ्याने पोती त्याच आठवड्यात उचलली. ती तीन घरं सोडून पलीकडे उतरली. डॉक्टरांना ते अश्विनीच्या नवऱ्याकडून कळलं. त्या तिथेही गेल्या, मग पुढच्या वाडीत. संशोधनाच्या प्रश्नावलीत ‘घरी बसून काही काम करता का’ हा प्रश्न तोवर नव्हता. माझ्यासकट आम्ही सगळे कारखान्यांच्या धुराड्यांकडे बघत होतो.

फेब्रुवारीत अश्विनीला मुलगी झाली. नाळेतलं रक्त आमच्याकडे आलं. मी संशोधनात नव्हतो, पण खोलीत होतो. सुनंदाबाई फ्रीजरपाशी गेल्या, न विचारता दोन्ही नळ्या काढल्या आणि निखिलसमोर ठेवल्या. दोन्हींचे आकडे सारखेच आले. तो आकडा आईच्या आकड्याहून बराच कमी होता. पण शून्याजवळ नव्हता, आणि बाळाच्या बाबतीत शून्याजवळ नसलेला कुठलाच आकडा चांगला म्हणत नाहीत. निखिलने बाईंना तो वाचून दाखवला. त्यांनी मान हलवली आणि रिकामा रॅक परत नेऊन ठेवला, आवाज न करता.

मुलगी आता दीड वर्षाची आहे. चालते. शब्द अजून मोजकेच बोलते. डॉक्टर म्हणतात, मुलं उशिरा बोलतात, इतक्यात काही ठरवू नका. दुसरं काही म्हणता येत नाही म्हणून त्या हे म्हणतात, हे मला माहीत आहे. उपचार लवकर सुरू झाले असते तर किती फरक पडला असता, हे मोजायची पद्धत अजून कुणी बसवलेली नाही. मी तर नाहीच.

मी निवृत्त झालो. सुनंदाबाई अजून तिथेच आहेत, आता कायम नोकरीवर. हा मजकूर लिहिण्याआधी मी त्यांना भेटायला गेलो. नात त्यांच्या कडेवर होती. मी म्हणालो, बाई, शेंदराचं लिहावं म्हणतो, लोकांना कळेल.

त्यांनी नातीचं नाक पुसलं.

“लिवा,” त्या म्हणाल्या. “शेंदराचं लिवा, माझ्या खुळेपनाचं बी लिवा. पर मी इचारलं व्हतं, दुसरी नळी काढू का, ते बी लिवा.”